उजवीकडची मोकळी जागा

वकीलबाईंनी मृत्युपत्राचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि कागद टेबलावर ठेवून चष्मा काढला. छोटूने तर टाळीच वाजवली. पन्नाशी उलटली, डोक्यावरचं केसांचं छप्पर उडालं, पण घरात तो अजून छोटूच.

"झालं तर मग! घर ताईला, भिंतीवरचं घड्याळ आणि पुस्तकं भाऊला, सायकल आणि शिडी मला. संपला विषय. चहा कोण टाकतंय?"

"विषय संपलेला नाही," वकीलबाई म्हणाल्या.

ताई चहासाठी उठली होती, ती परत बसली. बाबा जाऊन दोन महिने झाले होते आणि आज पहिल्यांदाच त्यांच्या कामाच्या खोलीत इतकी माणसं जमली होती. तिने मुद्दाम इथेच खुर्च्या मांडल्या होत्या. बाबांबद्दल जे काय बोलायचं ते त्यांच्या खोलीत बोला, असं तिचं म्हणणं. सारं गाव त्यांना पेंटर म्हणायचं. साठ वर्षं त्यांनी दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या रंगवल्या आणि कामाचा ब्रश साठ वर्षं खिडकीशेजारच्या त्याच भिंतीला पुसला. आई आयुष्यभर त्यावरून करवादली. पण मुलांना ती भिंत म्हणजे सिनेमा होता. दुपारी जमिनीवर आडवं पडून तिघं भिंतीवरच्या डागांत चित्रं शोधायची. भाऊला जहाज दिसायचं, छोटूला रोज नवा प्राणी. ताईला मात्र पिवळा दिसला की औषधाच्या दुकानाची पाटी आठवायची, हिरवा दिसला की वाण्याची. "तुला काही गंमतच नाही," असं भाऊ म्हणायचा.

आता तोच भाऊ कपाळाला आठ्या घालून खुर्चीत ताठ बसला होता. कारखान्यात इंजिनिअर, वर्षभरात निवृत्त होणार. शेजारी त्याची बायको. ती नर्स, म्हणून घरात तिला सगळे सिस्टर म्हणत. "आमच्याकडे खऱ्या सिस्टरला ताई म्हणतात आणि बायकोला सिस्टर," हा भाऊचा एकमेव विनोद. पंचवीस वर्षं तो हाच सांगत आला होता आणि दर वेळी आधी स्वतःच हसायचा. आज त्याने तोही सांगितला नव्हता.

"तीस वर्षं वकिली करतेय," वकीलबाई म्हणाल्या, "पण इतकं देखणं मृत्युपत्र माझ्या हातात आलं नव्हतं. आणि खरं सांगू? इतकं पंचाईतीचंही."

देखणं तर ते होतंच. चारी बाजूंना समास, मथळ्याच्या अक्षरांना बारीक सावली, ओळी अशा की पट्टी लावून बघावं. खाली मधोमध बाबांची सही. डाव्या कोपऱ्यात साक्षीदार म्हणून समोरच्या घड्याळवाल्यांची आणि उजव्या कोपऱ्यात दुसरी.

"ही उजवीकडची सही तुमची?"

"हो, माझीच," ताई म्हणाली. आवाजात थोडा अभिमानसुद्धा आला. सही सुरेखच होती ती.

"तुम्ही का केलीत?"

ताईने सांगितलं. छापखान्याचे मालक दुसरे साक्षीदार म्हणून येणार होते, पण त्यांना ताप भरला. घड्याळवाले वेळेवर आले, सही करून गेले. मग बाबांनी कागद हातभर लांब धरला. पाटी झाली की रस्त्यापलीकडे जाऊन एक डोळा बारीक करून बघायचे, तसं बघितलं आणि म्हणाले, "उजवीकडे मोकळं दिसतंय गं. सगळा भार डावीकडे गेलाय. कर तू सही, म्हणजे तोल साधेल."

छोटू खो खो हसला. "अगदी बाबा! मरणाच्या कागदातही तोल!"

वकीलबाई हसल्या नाहीत. "त्या तोलापायीच घोडं अडलंय. मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. झालाच, तर बाकीचं मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. सायकल टिकली, घड्याळ टिकलं. ताईंना दिलेलं घर तेवढं गेलं. म्हणजे ते आता मृत्युपत्राबाहेर, तिन्ही मुलांचं सारखं."

"आणि मी सही केली नसती तर?"

"तर दुसरं कोणीतरी लागलं असतं. कोणीही चाललं असतं. दूधवाला, पोस्टमन, रस्त्यावरून जाणारा माणूस. तुम्ही सोडून कोणीही."

ताईला आधी हसूच आलं. मग तिने खोलीभर नजर फिरवली. तिचं लग्न झालं नाही, म्हणजे बघत बघत राहूनच गेलं. एकसष्ट वर्षं ती याच घरात झोपली, उठली. आईचं आजारपण इथेच काढलं, बाबांचंही. कुठल्या फरशीवर पाय दिला की ती डुगडुगते हे तिला अंधारातही ठाऊक होतं. आणि एका रिकाम्या कोपऱ्यासाठी ते घर तिच्या हातून गेलं. बाबा, अहो बाबा, तो कोपरा राहू द्यायचा होतात की मोकळा, असं तिला मोठ्याने म्हणावंसं वाटलं.

"हात्तिच्या! एवढंच ना?" छोटू म्हणाला. "आम्ही दोघं आमचा हक्क सोडतो. काय म्हणतात त्याला, हक्कसोडपत्र. आणा कागद, कुठे सही करू?"

"जरा दमानं. काय सोडताय ते आधी समजून घ्या. पुढचा रस्ता रुंद झाल्यापासून ही जागा साधी राहिलेली नाही. तिसरा हिस्सा म्हणजे तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलला दोन-तीन नव्या गाड्या येतील."

"नव्या?" छोटूने विचारलं.

"कोऱ्या करकरीत."

छोटूने मान खाजवली. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आताही तो जमिनीवर दाबला गेला. "नाही म्हणजे, सोडायचं तर आहेच. ताईसाठी जीव देईन मी. पण घाईही नको. काय भाऊ?"

भाऊने फक्त खुर्ची सरळ केली. तो मूग गिळून बसला की त्याच्या मनात काय चाललंय ते आईलाही कळत नसे. सिस्टरने मात्र टेबलावरचा कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघितला.

"ताई, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे. त्याच महिन्यात तुम्हाला बरं नव्हतं म्हणून मी आठवडाभर राहायला आले होते. बाबांना औषध मीच देत होते. चमचा तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडायचा. शर्टाची बटणंसुद्धा मी लावत होते." तिने कागद सगळ्यांसमोर धरला. "ही सही बघा, थरथरलीय. असणारच. पण वरचं अक्षर? एक रेघ हललेली नाही. एकाच दिवशी, एकाच माणसाचा हात, असं कसं?"

"तुला म्हणायचंय काय?" भाऊ पहिल्यांदा बोलला.

"मला काही म्हणायचं नाही. विचारतेय."

"वा! म्हणजे आता ताईवर संशय?" छोटू उसळला. मघाशी घाई नको म्हणणारा हाच, पण बाहेरून कुणी आलं की तो लगेच ताईच्या बाजूला. "ताई, सांग हिला एकदा ठणकावून. बाबांनीच लिहिलं म्हणून सांग. तू म्हणालीस की मी डोळे मिटून सही करतो. भाऊपण करेल. करशील ना रे?"

भाऊने ताईकडे पाहिलं. "तू सांग. तू म्हणशील ते मी मानेन."

झालं! एक 'हो' म्हटलं की घर तिचं. भाऊ एकदा मानेन म्हणाला की मानणारच, त्याचा शब्द म्हणजे शब्द. सिस्टरने कितीही नाक मुरडलं तरी नवरा बधणार नव्हता. आणि 'नाही' म्हटलं तर घर तर जाणारच होतं, शिवाय अकरा वर्षांची झाकली मूठ उघडणार होती.

अकरा वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ. बाबा बेकरीची पाटी अर्धी टाकून घरी आले. हात धुतले, जेवले, दिवा मालवून झोपले. दुसऱ्या दिवशी पाटी घरी आणून घेतली आणि ब्रश ताईच्या हातात दिला. "पुढचं अक्षर तू काढ." ती लहानपणापासून अक्षरांच्या पोटात रंग भरत आलेली होती. खडू लावलेल्या दोरीने रेघ मारणं, हाताखाली काठी धरणं, शिरोरेघ एका श्वासात ओढणं, हे सगळं बघून बघून अंगात मुरलेलं होतं. तिने अक्षर काढलं. बाबांनी एक डोळा बारीक करून बघितलं. म्हणाले, "माझंच आहे." आणि मग लहान मुलाने म्हणावं तसं तोंडावर बोट ठेवून, "अळीमिळी गुपचिळी. पेंटरचा हात गेला हे गावाला कळता कामा नये, ताई. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्या दिवसापासून काम घरातच व्हायला लागलं. गुडघे दुखतात, शिडी चढवत नाही, असं ते लोकांना सांगत. लोकांनाही पटलं. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेला जो तो म्हणत होता, एक्याऐंशीव्या वर्षी काय हात होता हो! आणि ताई पदराने डोळे पुसत हो हो म्हणत होती.

तिने बाबांना शब्द दिला होता. पण भाऊ समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याच्याशी खोटं बोलून मिळवलेल्या घरात तिला झोप लागली नसती.

"सिस्टर बरोबर बोलतेय," ताई म्हणाली. "ते मी लिहिलं. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. शब्द त्यांचे, सही त्यांची. अक्षर माझं."

सिस्टरने कागद खाली ठेवला.

"त्यांचा हात अकरा वर्षांपूर्वीच गेला होता," ती पुढे म्हणाली. आता सुरू केलंच होतं. "त्यानंतरच्या सगळ्या पाट्या मी काढल्या."

"ब्रेक, ब्रेक," छोटू म्हणाला. "सगळ्या म्हणजे? शाळेची?"

"मी."

"दवाखान्याची? ती एवढी मोठी?"

"मीच. दोन तुकड्यांत. या खोलीत मावेना."

"आणि माझी?" वकीलबाईंनी न राहवून विचारलं. कागद, कायदा सगळं क्षणभर बाजूला राहिलं. "माझ्या ऑफिसबाहेरची?"

"तुमचीपण. 'वकील' मधला 'ल' त्यांनी तीनदा पुसायला लावला. म्हणाले, असल्या लटपट्या 'ल'वर कोण विश्वास ठेवेल?"

वकीलबाईंना हसावं की रागवावं कळेना. छोटू मात्र आ वासून बघत होता. तेवढ्यात भाऊ उठून उभा राहिला.

"माझ्या दारावरची?" त्याने विचारलं.

ताईला याचीच भीती होती. भाऊने नवं घर बांधलं तेव्हा बाबांनी त्याला नावाची पाटी दिली होती. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं. नऊ वर्षं तो दारात आलेल्या प्रत्येकाला आधी पाटीपाशी उभा करायचा आणि मग आत घ्यायचा. बाबा त्याला कधी कुशीत घेणारे नव्हते. शाबासकीसुद्धा बेताची. भाऊ पहिला आला की म्हणायचे, बरं झालं. त्या माणसाने बहात्तराव्या वर्षी बसून आपल्यासाठी आपलं नाव काढलं, याचं भाऊला केवढं अप्रूप होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

"तीही मी काढली," ताई म्हणाली.

भाऊचा चेहरा पडला. "नऊ वर्षं मी लोकांना सांगतोय. माझ्या बाबांनी काढली म्हणून. तू समोर असताना सांगितलंय मी. तू हसत होतीस."

"हो."

"फसवलंस मला."

"फसवलं," ताई म्हणाली. तिने कबूल केलं, कारण ते खरंच होतं. "पण ऐक. आठ दिवस ते माझ्या शेजारी स्टुलावर बसून होते. दुसरं एक काम घेतलं नाही. चार वेळा मला सगळं खरवडायला लावलं. मी वैतागले. म्हटलं, बाबा, शाळेच्या पाटीला एवढं नव्हतं. तर म्हणाले, शाळेची पाटी गाव बघेल. ही तो बघणार आहे, रोज, घरी येताना."

भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आणि एक सांगायचं राहिलं," ताई म्हणाली. "नावाखाली एक रेघ आहे बघ."

"आहे."

"ती त्यांची आहे. शेवटच्या दिवशी ब्रश मागितला. मी म्हटलं, नको, हात हलेल. ऐकेनात. दोन्ही हातांनी धरून ओढली. सगळा घाम घाम झाला. मी म्हटलं, थोडी वाकडी आलीय, नीट करू का? तर म्हणाले, राहू दे. त्याला नाही कळायचं."

"ती नागमोडी आहे," भाऊ म्हणाला. "मला वाटायचं ती नक्षी आहे. मी लोकांना सांगतो, बघा, मुद्दाम लाटेसारखी काढलीय."

छोटूला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, मग त्याने नाक शिंकरायचं निमित्त केलं. भाऊने खिशातून रुमाल काढला, पण पुसला चष्मा. सिस्टर जागची उठली, भाऊच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि ताईला म्हणाली, "मला घर नको होतं हो, ताई. मला एवढंच वाटत होतं की काहीतरी लपवलंय. लपवाछपवी मला सहन होत नाही."

"ते बाबांनापण माहीत होतं," ताई म्हणाली. "तू आलीस की मला म्हणायचे, सिस्टर आहे तोवर ब्रश वाळत घाल."

यावर सिस्टरसुद्धा हसली. ताईने ओळखलं, की ही पोरगी आता आपल्या बाजूची. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं होतं, आणि तेही कशावर, तर खोटं बोललं गेलं होतं यावर.

भाऊ परत खुर्चीत येऊन बसला. "बाई, माझा हक्क सोडायचा कागद तयार करा."

"मला नकोय तसं," ताई पटकन म्हणाली. "बाबांनी दिलं होतं ते वेगळं. तुम्ही मला दया म्हणून घर देणार, आणि मी आयुष्यभर तुमच्या उपकाराखाली राहणार. त्यापेक्षा तिघांचं राहू दे. मी एक खोली घेऊन राहीन."

"उपकार कसले?" भाऊ चिडला. चिडला की तो अगदी बाबांसारखा दिसायचा. "अकरा वर्षं सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत काम केलंस आणि नाव दुसऱ्याचं. बाबांना काय कळत नव्हतं? म्हणून तर घर तुला लिहिलं. चुकलं ते फक्त कोपऱ्यात. तो कोपरा आपण नीट करायचा एवढंच."

"मी तर आधीच म्हटलं होतं!" छोटू म्हणाला.

"आणि नंतर घाई नको असंही म्हटलं होतंस."

"ते ब्रेक तपासत होतो, भाऊ. गाडी उतारावर असली की तपासावे लागतात." मग तो ताईकडे वळला आणि त्याचा चेहरा एकदम लहान झाला. "गाड्यांचा विचार आला मनात. खोटं कशाला बोलू? पण आता गेला. माझीपण सही धर."

ताईने मान हलवली.

वकीलबाईंनी हात वर केला. "आज कोणी सही करायची नाही. भावनेच्या भरात सोडलेला हक्क महिन्याभराने टोचायला लागतो, मी बघितलंय. आठ दिवस घरी जाऊन विचार करा. बायकोशी बोला, मुलांशी बोला. तरीही सोडायचा असेल तर कागद करू, नोंदणी करू. आज मी फक्त माहिती लिहून घेते."

त्यांनी बॅगेतून एक साधा कागद काढला आणि लिहायला लागल्या. सोडून देणारा भाऊ, त्याचं नाव, वय, व्यवसाय. सोडून देणारा छोटू. त्याने आपलं खरं नाव सांगितलं तेव्हा सिस्टरलासुद्धा दचकायला झालं, इतकं ते कोणी वापरत नसे. मग त्या ताईकडे वळल्या.

"वय?"

"एकसष्ट."

"व्यवसाय?"

"घरकाम," ताई म्हणाली. मतदार यादीत तेच होतं, बँकेत तेच, दवाखान्याच्या केसपेपरवरही तेच. तिने विचारसुद्धा केला नाही.

वकीलबाईंनी लिहिलं. भाऊने टेबलावर वाकून वाचलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"हे खोडा. पेंटर लिहा."

वकीलबाईंनी ताईकडे पाहिलं. ताई भाऊच्या बोटाकडेच बघत राहिली. वकीलबाईंनी 'घरकाम' वर एक रेघ मारली आणि शेजारी नवीन शब्द लिहिला. अक्षर कसलं, कोंबडीने पाय ओढलेले. 'प' वरची मात्रा भलतीकडेच पळालेली, 'ट' आणि 'र' यांची तर ओळखदेखही नाही. ताईने दोन क्षण सोसलं. मग तिचा हात आपसूक पेनाकडे गेला.

"द्या इकडे, मी नीट लिहिते."

"खबरदार!" वकीलबाई ओरडल्या आणि कागद छातीशी धरला. "या घराच्या कागदावर तुम्ही आता एक काना काढायचा नाही!"

सगळे हसले. छोटू तर खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. ताईही हसली, हसता हसता रडली, आणि दोन महिन्यांत जे रडू आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. सिस्टरने तिच्या पाठीवर हात ठेवला, भाऊ उठून चहा टाकायला गेला. वकीलबाईंनी कागद पुन्हा टेबलावर ठेवला. ताईने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि आपल्या नावापुढचा तो वेडावाकडा शब्द परत परत वाचला.